हिरवा मिथेन

जोगेश्वरीची नीलम तांबे खाणसुरक्षेची इंजिनिअर. कोळशाच्या थराला भोकं पाडून त्यातला स्फोटक मिथेन वायू खोदकामाआधीच पाइपने बाहेर कसा ओढायचा, हे कामगारांना शिकवणारी फिल्म मढच्या शूटिंगच्या बंगल्यात शूट होत होती. नीलम तिची सल्लागार.

"मॅडम, गॅस दिसतच नाही ना!" दिग्दर्शक वैतागला. "हिरवा धूर सोडू, झकास दिसेल."

"अहो, तो दिसत नाही, वासही येत नाही, म्हणूनच तर माणसं मरतात!"

पण धूर सुटलाच. खाण कंपनीचे साहेब खूश झाले, दिग्दर्शकाला शाल-श्रीफळ मिळालं.

महिन्याभराने नीलम खाणीवर गेली. फिल्म पाहिलेला एक कामगार भक्तिभावाने म्हणाला, "मॅडम, आता घाबरत नाही. हिरवं दिसलं की पळायचं!"

 नीलमने लगेच पिशवीतून वायू मोजायचं यंत्र काढलं आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.