ळ नसलेली कळ

मला ळ म्हणता येत नाही. लखनौत वाढलेल्या आम्हा मराठी मुलांचं हे जुनं दुखणं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि हिंदीत हे अक्षरच नाही, त्यामुळे जीभ मागे वळायला शिकतच नाही. सुट्टीत सांगलीला गेले की मावसभावंडं मला मुद्दाम 'बाळ' म्हणायला लावायची. "मावशीला बाल झालं," मी म्हणायचे, आणि ती सगळी हसून जमिनीवर लोळायची.

दात दुखला, कान ठणकला की आई म्हणायची, "जरा कळ काढ." मला ते 'कल काढ' ऐकू यायचं. मी ते हिंदीतलं कल समजायचे, उद्यापर्यंत काढ, उद्या थांबेल. बहुतेक वेळा थांबायचंही. त्यामुळे कळ म्हणजे वेदना, आणि आई मला सोसायला सांगते आहे, हे मला खूप उशिरा कळलं. कळल्यावर राग आला. आमच्या घरात कुणी कुणाला सोसायला सांगत नसे.

आमच्या घरी रविवार म्हणजे पत्रकांच्या घड्या घालायचा दिवस. बाबा इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, आई विद्यापीठात शिकवायची, आणि दोघंही लोकांमध्ये विज्ञान नेणाऱ्या एका लहानशा गटात होती. पिण्याचं पाणी, ग्रहण, डेंग्यू, रेशनची रांग, कशावरही पत्रक निघायचं. मी वाचायला शिकले ती त्या कागदांवरून. कपड्यांची घडी मला आजही नीट जमत नाही. कागदाची डोळे मिटून घालते.

पत्रकाला लखनौत पर्चा म्हणतात. डॉक्टरच्या चिठ्ठीलाही पर्चाच म्हणतात. इतकी वर्षं माझ्यासाठी पर्चा ही वाटायची वस्तू होती. मग गोमती नगरच्या एका सिग्नलला मागून आलेल्या गाडीने माझी स्कूटर उडवली, आणि पर्चा ही प्लॅस्टिकच्या पिशवीत सांभाळून ठेवायची वस्तू झाली.

हाडं जुळली. मणक्यातली एक चकती मात्र सरकली ती सरकलीच. डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीपर्यंत जाते, कधी रोज, कधी आठवडाभर दडी मारून. डॉक्टर म्हणाले, "अब इसके साथ जीना सीखिए." हे वाक्य मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. ज्यांना काही बदलायचं नसतं ते लोकांना हेच सांगतात. नाल्याच्या वासासोबत जगा, तुंबलेल्या गटारासोबत जगा, जुळवून घ्या. मी पलंगावर पडून या वाक्याविरुद्ध मनातल्या मनात बरीच पत्रकं लिहिली. पण माझ्या मणक्याने त्यातलं एकही वाचलं नाही.

आमचा गट दरवर्षी थंडी उतरायला लागली की गोमतीच्या काठाने पायी निघतो. वरच्या अंगाला, मोहरीच्या शेतांमधल्या एका गावापासून सुरुवात करायची, गावागावांत थांबत, पत्रकं वाटत, नदीत पडणारे नाले पाहत शहरात यायचं आणि गोमती नगरच्या घाटाच्या पायऱ्यांवर सभा घ्यायची. शाळेत असल्यापासून मी प्रत्येक वेळी पूर्ण चालले होते. अपघातानंतर दोनदा राहिलं. त्या दोन्ही वर्षी यात्रेचं पत्रक मीच लिहिलं, घरी बसून, उशीला टेकून. छापून आलेलं वाचताना मला लाज वाटली. नदी मी पाहिली नव्हती आणि नदीचं वर्णन केलं होतं. आमच्यात असं लिहिणाऱ्यांना आम्ही काय म्हणतो ते मला चांगलं ठाऊक होतं.

म्हणून या वर्षी ठरवलं, पूर्ण चालायचं. नाही जमलं तर पत्रक लिहिणं सोडायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही, आईबाबांनाही नाही.

तेलीबागच्या कालव्याच्या काठाने सकाळी सराव सुरू केला. फिजिओथेरपिस्ट बाई कडक होत्या. त्यांचं म्हणणं एकच: दुखायला लागल्यावर थांबू नका, त्याच्या आधी थांबा, आडवं व्हा, पाय उंच ठेवा, मग उठा. दुखण्याने थांबवलं तर ते जिंकलं, तुम्ही थांबलात तर तो तुमचा निर्णय. हे मला पटलं. यात राजकारण होतं.

यात्रेचे म्होरके मास्साब. निवृत्त शाळामास्तर, सगळा गट त्यांना मास्साबच म्हणतो. त्यांना मी येते म्हटल्यावर ते आनंदले आणि लगेच म्हणाले, "टेंपो साथ चलेगा बिटिया. सामान के साथ बैठ जाना."

"मैं सामान नहीं हूँ मास्साब."

"अरे, गुस्सा मत हो. तो फिर सबसे आगे चलो. बैनर पकड़ो. लोग देखेंगे कि दर्द में भी लड़की चल रही है. हिम्मत मिलेगी सबको."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण एकतर टेंपोत बसायचं किंवा फलकावर चढायचं, माझ्यासाठी एवढ्या दोनच जागा त्यांना सुचल्या. मी म्हटलं, मी मधे चालेन. जिथे सगळे चालतात तिथे.

पहिल्या दिवशी सकाळी धुकं होतं. बटाट्याची काढणी चालू होती, बांधावर पोती उभी होती. आम्ही वीस-बावीस जण. माझ्यासोबत माझी कॉलेजमधली मैत्रीण होती, पक्की लखनौची. पाठीवरच्या पिशवीत पाण्यापेक्षा खाणं जास्त. आम्ही गप्पा मारत चाललो होतो आणि गप्पांच्या नादात मी 'त्याच्या आधी'ची वेळ चुकवली. मांडीच्या मागे ओळखीची तार ओढली गेली. दुखलं की मी मराठीत जाते, बाकी वेळ हिंदीत असते. मी म्हटलं, "थांब जरा. कल आली."

"कौन आई?"

"कल. कल आ गई यार."

तिने रस्त्यावर मागे-पुढे पाहिलं. "कौन कल? कल तो कल आएगी."

मला हसू आलं, आणि हसल्याने आणखी दुखलं. कशीबशी आंब्याच्या एका झाडाखाली आडवी झाले, पाठपिशवी पोटऱ्यांखाली घेतली आणि तिला सांगितलं, कळ म्हणजे काय. तिने दोनदा म्हणून पाहिलं. तिचंही 'कल'च झालं. "अच्छा है," ती म्हणाली. "दर्द का नाम कल. जैसे मायके से कोई आता हो."

पुढचे लोक थांबले नाहीत. त्यांना कळलंच नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा गावातली सभा संपून चहाचे मातीचे कुल्हड फेकले जात होते. मास्साब म्हणाले, "कहा था, टेंपो." मी पाठ वळवून चहाची किटली शोधायला लागले. माझी अवस्था काय असेल, हे मैत्रिणीला समजलं.

त्या संध्याकाळी मुक्कामाच्या शाळेच्या ओसरीत तीच उठली. मला न विचारता बोलली. "कल से जिसको कल आए, वो ज़ोर से बोलेगा, कल. और सब रुकेंगे. सब." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "इसके लिए नहीं. मेरे जूते भी काटते हैं."

कुणीतरी म्हणालं, असं थांबत राहिलो तर पोहोचणार कधी? तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, आपण गावोगाव सांगतो की सगळ्यांना सोबत घेऊन चला. मग चालताना सगळ्यात जलद चालणाऱ्याचा वेग यात्रेचा वेग कसा काय ठरतो? हे कोणत्या सभेत ठरलं? मास्साबांनी कपाळ खाजवलं आणि म्हणाले, "चलो, करके देखते हैं."

दुसऱ्या दिवशी सकाळभर फक्त मीच 'कल' म्हणत होते आणि प्रत्येक वेळी मान खाली जात होती. दुपारनंतर मागून एक जाड आवाज आला, "भाई, कल." बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ टाच धरून उभे होते. सगळे थांबले. मी आडवी झाले, ते बसले, आणि कुणीतरी पेरू कापले. संध्याकाळपर्यंत निम्म्या लोकांची कल येऊन गेली होती. कुणाची कंबर, कुणाची पाळी, कुणाचं नुसतंच मन भरून आलं होतं. मला वाटायचं या सगळ्यांत दुखणारी मी एकटी. वर्षानुवर्षं हे लोक माझ्या शेजारून मुकाट्याने दुखत चालत होते आणि माझ्या गावीही नव्हतं.

पाय वर करून आंब्याखाली पडलेली मी गावच्या बायकांना मोठी मौज वाटायचे. एका गावात डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक काकी वाकून बघायला लागली. "का पिरात है, बिटिया?" पिरात म्हणजे दुखतंय, हे न सांगताही समजलं. मी पायावरून बोट फिरवून दाखवलं. तिने भारा खाली टाकला, माझ्या शेजारी बसली, स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हमार ई." मी तिला पत्रक दिलं. तिने त्याची घडी करून भाऱ्याच्या दोरीखाली खोचली, छान बारीक घडी, आमच्या घरच्यासारखी.

थांबण्यांमुळे आम्ही मागे पडत गेलो, हे खरंच. शेवटच्या दिवशी ऊन उतरलं तेव्हा शहराच्या कडेला, वीटभट्ट्यांपाशी होतो. घाटावर सभेची वेळ होऊन गेली होती. लोक जमले होते, ध्वनिक्षेपक भाड्याने आणला होता, मास्साबांचा फोन सारखा वाजत होता. आणि नेमकी तेव्हा मला कळ आली. साधी नाही, पाऊलच टेकवेना.

टेंपो शेजारी येऊन उभा राहिला. मास्साब या वेळी हळू आवाजात म्हणाले, "बिटिया, बस इतना ही तो बचा है. बैठ जाओ. तुम चल चुकी हो. कोई कुछ नहीं कहेगा."

कोणी काही म्हणणार नव्हतं हे मला माहीत होतं. म्हणणारी मी होते. घरी उशीला टेकून लिहिलेली ती दोन पत्रकं डोळ्यांसमोर आली. मी म्हटलं, "आप लोग जाइए. सभा कीजिए. मैं पीछे से आती हूँ, जितनी देर लगे." आवाज ठाम ठेवायचा प्रयत्न केला. तो ठाम आला नाही.

मैत्रीण बांधावर बसली. "कल," ती म्हणाली.

"तुम्हें क्या हुआ?" मास्साब.

"मुझे भी आ गई."

मग बँकवाले बसले. मग एकेक करत इतर. पाठपिशव्या उतरल्या. बांधावर ओळ लागली, सगळ्यांचे पाय नदीकडे. मास्साब एकटे उभे होते, हातात वाजणारा फोन. त्यांनी टेंपोकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि गुडघ्यावर हात देऊन कण्हत खाली बसले. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचं कण्हणं ऐकलं. फोन उचलून ते म्हणाले, "सभा कल होगी. ... अरे भई, कल आ गई है. ... नहीं, आज ही आ गई. ... छोड़ो, तुम नहीं समझोगे. कल सुबह."

त्या रात्री आम्ही आपापल्या घरी जाऊन झोपलो. ई-रिक्षा केल्या, मी टेंपोतून तेलीबागला आले. टेंपोशी माझं भांडण कधीच नव्हतं; मला त्यात बसवून यात्रेने पुढे निघून जाण्याशी होतं. जिथे थांबलो तिथल्या पिंपळाला मैत्रिणीने ओढणी बांधून ठेवली होती. सकाळी सगळे तिथेच परत जमलो. सगळे, एकही कमी नाही. ओढणी सोडली आणि चालायला लागलो.

घाटावर आदल्या दिवशीची गर्दी नव्हती. ध्वनिक्षेपकही परत गेला होता. सकाळी फिरायला आलेली माणसं, दोन मासेमार, आणि वरच्या पायरीवर थर्मास घेतलेले आईबाबा. शेवटच्या पायऱ्यांआधी मी अजून एकदा 'कल' म्हटलं, सगळे थांबले, मी आडवी झाले, उठले आणि उतरले. पाण्याला हात लावला. नाल्याचा वास येत होता. दुखत होतं. दोन्ही गोष्टींशी जुळवून घ्यायचा माझा विचार नाही. पण त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क मला परत मिळाला होता.

बाबांनी चहा ओतला. आई मात्र वेगळ्याच गोष्टीने अस्वस्थ होती. "हे सगळे कल कल काय करतायत?" मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग प्राध्यापकच ती, मास्साबांसमोर जाऊन उभी राहिली.

"कल नहीं भाईसाहब. कळ. जीभ पीछे मोड़िए. ळ."

"कड़," मास्साब म्हणाले.

"ड़ नहीं. ळ."

बँकवाल्यांनी प्रयत्न केला. मासेमारांपैकी एकानेही केला. मीही केला, तोंडात चहा असताना, आणि आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला सांगलीहून परिचयाची आहे. मैत्रीण बूट काढून पाय पाण्यात सोडून बसली होती. ती म्हणाली, "आंटी, आज रहने दीजिए. कल सीखेंगे."