बंद बाटलीचा वास

वडूजच्या पुढे, माळावरच्या आमच्या शाळेला तेव्हा अनुदान नव्हतं. म्हणजे शिक्षकांना पगार नव्हता. माझे वडील तिथं विज्ञान शिकवायचे आणि घर आईच्या शिलाई मशीनवर चालायचं. घरी ते आण्णा, शाळेत सर. मी त्यांच्याच आठवीच्या वर्गात होते. अनुदानाच्या तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर शाळेनं भिंती रंगवल्या, हार मागवले, स्वागतगीत बसवलं आणि वायूच्या कणांचं वागणंही बसवून घेतलं.

पाठ होता स्थायू, द्रव आणि वायूचा. स्थायूतले कण जागा सोडत नाहीत, नुसते थरथरतात. द्रवातले एकमेकांना धरून सरकतात. वायूतले मोकाट सुटतात. ते दाखवायला टेबलावर अत्तराची बाटली उघडायची आणि वास येईल तसा ज्यानं त्यानं हात वर करायचा. आदल्या दिवशी हे खरोखर घडलं. पुढच्या ओळीचे हात आधी, मागच्यांचे सावकाश. सर खूश झाले. "उद्या असंच," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेब गळ्यातल्या हारासकट खुर्चीत बसले. सरांनी बाटलीचं काचेचं बूच फिरवलं. ते कालच्या सांडलेल्या अत्तरानं घट्ट बसलं होतं. त्यांनी रुमालात धरून पुन्हा जोर लावला. सरांचा हात हललेला बघून पहिल्या ओळीनं हात वर केले. मग दुसरीनं. मग आमच्या ओळीनं. अगदी शिस्तीत, शेवटच्या बाकापर्यंत. कण इतके आज्ञाधारक नसतात.

साहेबांनी मला उभं केलं. "वास आला का, बाळ?"

"आला."

"कशाचा?"

"मोगऱ्याचा," मी म्हणाले. कालच्या हिशेबानं ते बरोबरही होतं.

सरांनी बाटली खाली ठेवली. "साहेब, बूच निघालेलंच नाही. काल मीच सराव करून घेतला होता. मुलीची चूक नाही."

ती मुलगी त्यांची कोण, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. वर्गाला होतं. मी खाली बसले तशी शेजारीण पुटपुटली, "लय तीक्ष्ण नाक हाय गं तुझं. बंद बाटलीतनं वास घेतीस." मुख्याध्यापकांनी घाईनं चहा मागवला.

संध्याकाळी आण्णांनी बाटलीच्या मानेवर गरम पाणी ओतलं. "काच तापली की कण जरा लांब सरकतात. मान सैल होते," ते वर्गातल्याच आवाजात म्हणाले. बूच निघालं.

"आवं, मग हे सकाळी का न्हाई केलं?" आईनं विचारलं.

"साहेबांपुढं सुचलं न्हाई."

खोलीत मोगरा पसरत गेला. आण्णांनी माझ्याकडं बघितलं. "आला का?"

मला "आला" म्हणवेना.

त्या वर्षी अनुदान मिळालं नाही. एका बुचावरून सरकार अनुदान अडवत नाही, त्याला याहून भारी कारणं लागतात, हे मला पुढं कळलं. तेव्हा मात्र ते माझ्या मोगऱ्यापायीच गेलं असं वाटायचं. आईचं मशीन सुरू झालं, की मी पुस्तक घेऊन बाहेर जायचे.