पाटीवरचं बी.कॉम.

कर्वेनगरात बागेच्या फाटकाशी दर रविवारी सकाळी एक बाई बसतात. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला, कानामागे ब्रश. लाकडी फळ्यांवर दाराच्या पाट्या रंगवतात. एकीसारखी दुसरी नाही. आधी विचारणार, "घरात कोण कोण? काय करता?" मगच चित्र काढायला घेणार.

त्या दिवशी माझ्या पुढच्या गृहस्थांनी विचारलं, "दोन घेतल्या तर काही कमी?"

"उलट जास्त. दोनदा विचार करावा लागतो," बाई मान वर न करता म्हणाल्या.

माझी पाळी आली. "नाव लिहा, आणि पुढे बी.कॉम.," मी हळूच सांगितलं.

गृहस्थ अजून तिथेच होते. हसून म्हणाले, "अहो, आमच्या सोसायटीत वॉचमनसुद्धा बी.कॉम. आहे!"

माझे कान तापले. "राहू द्या मग. नुसतं नाव लिहा."

बाईंनी ब्रश खाली ठेवला. "घरात पहिल्याच का तुम्ही?"

"हो. आई-वडील वीटभट्टीवर होते. शाळेत कोणी गेलंच नाही."

"मग ही फळी लहान पडेल," असं म्हणून त्यांनी खालून मोठी फळी काढली.

आता माझ्या दारावर नावाइतक्याच ठसठशीत अक्षरांत बी.कॉम. आहे, आणि भोवती भाजलेल्या विटांची लाल किनार. बेल वाजवणारं कोणी कोणी ते वाचून हसतं. मी दार जरा सावकाशच उघडते. नीट वाचून होऊ दे त्यांचं.