दांडा वजा जाता

एक डोळा मिटायचा, मान जराशी तिरपी करायची आणि म्हणायचं, "दांडा वजा, मंग बोल!" सावद्याच्या आमच्या केळीच्या पेढीवर आबांचं काम एवढंच. हात मागे बांधून उभ्या बागेत एक फेरी मारायची आणि किती क्विंटल माल निघेल ते सांगायचं. घडाच्या मधल्या दांड्याला कोणी पैसे देत नाही, म्हणून तो आधीच वजा.

तुम्हाला खोटं वाटेल, पण यावलच्या एका बागेत आबांचा आकडा आणि काट्याचा आकडा जुळेना, तेव्हा मालकाने काटा दुरुस्तीला पाठवला. दुरुस्त होऊन आला तो आबांशी जुळला! वरातीत आबा घोड्याचे पाय बघून नवरदेवाचं वजन सांगायचे. थोडं फुगवून सांगतोय, पण थोडंच.

आबा पेढीवरून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मूलबाळ नाही. पेन्शन देणारी पेढी अजून जन्माला यायची आहे. होतं ते बँकेतल्या ठेवींत. आबांपुढे एकच प्रश्न : अक्का आहेत तोवर हे पुरेल का?

मी भेटायला गेलो, तर आबा पलंगाच्या पायथ्याशी उभे. हात मागे. एक डोळा मिटलेला. अक्का त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. चाळीस वर्षं त्या नजरेशी संसार केलेली बाई. ती नजर आज काय मोजतेय, हे तिला कळत नसेल?

"बारा वर्षं," ओट्यावर येऊन आबा हळूच म्हणाले. "जीव चिवट हाये भो तिचा."

"आणि पैसे?"

"पुरतीन." त्यांनी खिशातून कागद काढला.

दिवसभराची बाई, दरवर्षी तिचा वाढता पगार, डायपर, मालिशवाला, औषधं, सगळं होतं. मी दोनदा वाचला. "आबा, यात तुमचं जेवण कुठंय? तुमचा दवाखाना?"

त्यांनी माझ्याकडे कच्च्या घडाकडे बघावं तसं बघितलं. "दांडा वजा, मंग बोल."

"अहो, पण तुम्हीच आडवे पडलात तर?"

"मी नाही पडत."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगतो ना तुले!"

एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला, तर ऑपरेशनला नकार. "जल्मभर एकाच डोळ्यानं पाह्यलं ना मी? एक पुरते." जेवण एक वेळचं झालं. संध्याकाळी एक केळं सोलायचे, अर्धं अक्कांना भरवायचे. उरलेलं अर्धं अक्का डाव्या हाताने त्यांच्याकडे ढकलायच्या. आबा ते परत त्यांच्या तोंडाशी न्यायचे. "मले भूक नाही म्हनतो ना!" अक्का ओठ घट्ट मिटायच्या. वाचा गेलेल्या बाईशी माणूस इतकं कडकडून भांडू शकतो, हे मी त्या घरात बघितलं.

मग आबांच्या छातीत दुखायला लागलं. "गॅस हाये." मी हाताला धरून जळगावला नेलं. आबांनी तपासण्यांचा खर्च विचारला, एक डोळा मिटला आणि माझ्याआधी परतीच्या बसमध्ये जाऊन बसले. बारा दिवसांनी सकाळी अंघोळीचं पाणी काढताना कोसळले, ते उठलेच नाहीत.

आता तो कागद माझ्याकडे आहे. रात्री दर दोन तासांनी अक्कांची कूस आबा बदलायचे. ते काम कागदावर नव्हतंच. त्यासाठी रात्रीची दुसरी बाई ठेवावी लागली. नव्याने मांडून बघितलं. बाराची सात झाली. काट्याला खोटं पाडणाऱ्या माणसाचा हा एकच अंदाज चुकला, आणि तो दाखवावा तरी कोणाला? पैसे सातच वर्षं पुरतील, हे अक्कांना मी सांगितलेलं नाही.

परवा संध्याकाळी मीच केळं सोललं. अर्धं अक्कांनी खाल्लं. उरलेलं डाव्या हाताने पलंगाच्या त्या कडेला सरकवलं, जिथे आबांची खुर्ची असायची.

"अक्का, तुम्हीच खा. भरपूर आहे."

अक्कांनी एक डोळा मिटला. मला खालून वर बघितलं. आणि ते अर्धं केळं आणखी थोडं पुढे सरकवलं.