सूर बोटासंग यावा म्हणून

खरं तर हा लेख मी लिहावा की नाही, हेच मला अजून कळलेलं नाही. पुरवणीत लिहिणाऱ्यांची नावं मी आजवर नुसती वाचत आलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. शिवाय आत्याकडून गाणं शिकलेल्या कितीतरी जणी आमच्या गावात, उंद्रीत आहेत; तिच्याबद्दल बोलायचा हक्क आधी त्यांचा. तरीही लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

विमलआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात निंदण करायची आणि संध्याकाळी बुद्धविहारात पेटीवर बसायची. हार्मोनियमला आमच्याकडे पेटीच म्हणतात. ती तिला कुणी शिकवली नव्हती. गायन पार्टीतले लोक वाजवताना पाहून पाहून तिनं ती उचलली. पहिल्यांदा ती चारचौघांत वाजवायला बसली, तेव्हा तबलेवाले काका म्हणाले होते, "आता बाई पेटी वाजवते, मंग तबल्यावर काय म्हैस बसवता?" आत्या भाता न थांबवता म्हणाली, "बसवा ना. म्हैस तालात तरी राह्यते." हा किस्सा पुढे ते काकाच सगळ्यांना हसून सांगायचे. गावातल्या मुलींना ती गाणी शिकवायची, आणि मुलगी कुणाचीही असो, सूर जरा हलला की पेटी थांबायची.

मागच्या वर्षी तिला लकवा मारला. वाचा शाबूत राहिली, चालणंही हळूहळू जमलं, पण डावा हात गेला. आणि पेटीचा भाता तर डाव्या हातानंच हलवायचा असतो... विहारातलं गाणं बंद पडलं. तिची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात नोकरीला आहे. तिनं आपला डिजिटल पियानो पाठवून दिला. याला भाता नाही, एका हातानं वाजेल, असा तिचा विचार. विचार चांगलाच होता. पण आत्यानं एक पट्टी दाबून धरली, कान दिला, आणि म्हणाली, "धरून ठेवला तरी विरूनच जाते हा सूर. पोरीयनं कशाले धरून गावं?" पियानोत ऑर्गनचा आवाजही होता. तो ऐकून म्हणाली, "हे पेटीचं सोंग होय."

दिवाळीच्या सुट्टीत मी खामगावच्या कॉलेजातून घरी आलो, तेव्हा मला एक मार्ग सुचला. मोबाइलमध्ये पेटीचा आवाज देणारं ॲप मिळतं. पियानोच्या मागच्या खाचेतून तार काढून मोबाइलला जोडली, की पट्टी पियानोची दाबायची आणि वाजणार मोबाइलमधली पेटी. याला मिडी म्हणतात. मी तिला जमेल तसं समजावलं, की त्या तारेतून आवाज जातच नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, केव्हा सोडली, एवढंच जातं.

"म्हणजे पियानो नुसता निरोप धाडते?"

"हो."

"अन् गाते मोबाइल?"

"हो."

"मंग पियानोनं आपलं तोंड बंद ठेवावं ना! दोघंही संगंच काऊन बोंबलून राह्यले?"

खरंच दोन्ही आवाज एकदम येत होते. मी शोधून शोधून पियानोचा स्वतःचा आवाज बंद करायची सेटिंग काढली. तिला 'लोकल बंद' म्हणतात. पियानो गप्प झाला आणि मोबाइलला ब्लूटूथनं जोडलेल्या स्पीकरमधून पेटी उठली. आत्याचे डोळे मोठे झाले. पण दोन ओळी वाजवून तिनं हात उचलला. "बोट पुढं जाऊन राह्यलं अन् सूर मांगून येते. लंगडत. माह्यासारखा." मला तो उशीर आधी जाणवलाच नव्हता. तिनं सांगितल्यावर ऐकू येऊ लागला. "पोरी याच्यावर गातील त ताल सोडतील," ती म्हणाली. तिला पेटी हवी होती ती मुलींसाठी, स्वतःच्या करमणुकीसाठी नाही. सूर बोटासोबत येत नाही तोवर विहारात कुणालाही बोलवायचं नाही असं तिनं ठरवून टाकलं. मी सगळ्या सेटिंग पालटून पाहिल्या. सुट्टी संपली. मी आणखी थांबतो म्हणालो, तर म्हणाली, "पेपर सोडून थांबशील त तंगडं तोडीन."

कॉलेजात एका सरांना विचारल्यावर कळलं, उशीर ब्लूटूथमुळे होता. स्पीकर तारेनं जोडायला हवा. पण माझ्या मोबाइलला एकच खाच, ती पियानोच्या तारेनं अडवलेली. हेडफोनचं वेगळं भोक असलेला जुना मोबाइल चालला असता. मी आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं. शेजारच्या निकिताताईकडे, म्हणजे आत्याच्याच एका विद्यार्थिनीकडे, तसा मोबाइल पडून होता. "पाहू," आत्या म्हणाली. "तू आता अभ्यास कर."

परीक्षा चालू असतानाच घरून फोन आला... दुसरा झटका. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती. पियानोवर चादर टाकलेली होती. अशा वेळी तारेचं काय झालं, हे कुणाला विचारणार? आत्या गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बायका तिच्याबद्दल भरभरून बोलल्या, मी मागे बसून ऐकत होतो. तेव्हाही विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात खामगावच्या बसस्टँडवर निकिताताई भेटली. मी धीर करून विचारलं, तो मोबाइल जोडून पाहिला होता का? ती माझ्याकडे पाहतच राहिली. "तुले कोणीच नाही सांगतलं? जमलं होतं ना रे! साऱ्या पोरी बोलावल्या होत्या विहारात. आख्खं गाणं झालं, सूर बोटासंगच येत होता. मी म्हटलं, लाव त्याले फोन. त आत्या म्हणे, आता नोको, त्याचा पेपर हाये. घरी आला की वाजवूनच दाखवू."