विमानाच्या सांध्यावर फुटलेले नारळ

हवाई दलातून निवृत्त होऊन साताऱ्यात घर बांधलं, तेव्हा बायकोनं परस्पर ठरवून टाकलं होतं की आता मी गुलाब लावीन. गुलाब मेले. मी जुन्या विमानांच्या दुरुस्तीच्या नादाला लागलो आणि घरात शांतता नांदू लागली.

द्राक्षांची तोड आटोपत आली होती तेव्हा पलूसच्या एका बागाईतदारानं मला बोलावलं. त्याचं दोन माणसांचं विमान वयानं माझ्यापेक्षा मोठं. कऱ्हाडजवळच्या धावपट्टीशेजारी एका शेडमध्ये ते उभं असतं. त्याचा प्रत्येक पंख एका तिरक्या दांड्यावर तोललेला. त्याला आम्ही स्ट्रट म्हणतो. स्ट्रटचं खालचं टोक विमानाच्या पोटाला बोल्टनं जोडलेलं असतं. मी त्या सांध्यावर बोट ठेवलं आणि मालकाला पंखाचं टोक उचलायला सांगितलं. बोटाखाली टक् झालं. पंखाला टेकू देऊन बोल्ट काढून बघतो तर भोक झिजून लांबट झालेलं. आत गंजाची तांबडी पूड, आणि चक्क नारळाच्या शेंडीचे धागे!

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. "कुठल्या गाढवानं हितं नारळ फोडला?" मी ओरडलो.

मालक खाली बघायला लागला. मागे खुर्चीवर त्याची ऐंशीला टेकलेली आई बसली होती. एकदा मुलाबरोबर उडायचं आणि वरून आपलं रान बघायचं, हा तिचा ध्यास. मी विमान तपासून दिलं की तो तिला नेणार होता.

"म्या फोडला," ती म्हणाली. "दर दसऱ्याला, पाडव्याला. ट्रॅक्टरच्या हुकावर फोडतो न्हवं, मग ह्याचा हुक त्योच असंल म्हनलं."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. पण सांगणं भाग होतं. नारळाचं पाणी सांध्यात मुरायचं, गंज धरायचा, आणि विमान उडालं की ती पूड भोकाला कानशीसारखी घासायची. आणखी काही वर्षं असंच चाललं असतं, तर पंखाचा भरवसा नव्हता.

ती पांढरीफटक पडली. "म्हंजी माज्या हातनं पोराचा घात झाला असता व्हय?" काठी टेकत उठली. "मला न्हाई बसायचं. ह्यो बी न्हाई बसायचा. इकून टाक रं ते इमान."

मुलगा आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. त्याचा चेहरा बघून मला माझ्या जिभेचा राग आला.

मलकापूरला माझा एक दोस्त लेथवर लोखंड कातायचं काम करतो. रमजान चालू होता. स्वतःचा रोजा असताना त्यानं मला मात्र आग्रहानं चहा पाजला. भोक पुन्हा गोल करून त्यात पोलादी नळीचा तुकडा, म्हणजे बुश, बसवायचा होता. पहिला बुश केसभर सैल आला. मी तो बाजूला ठेवला.

"लय किचकिच करतोस गड्या," तो म्हणाला.

"म्हातारीला बसवायचं हाय त्यात," मी म्हणालो. त्यानं दुसरा कातला. तो घट्ट बसला तेव्हा आम्ही दोघं उगाचच हसत राहिलो. अशा दिवशी मला आयुष्याकडून आणखी काही नको असतं.

रीतसर तपासणी झाली, शिक्के बसले. लेकानं कशीबशी समजूत घालून एका फेरीची परवानगी काढली आणि आईला शेडपर्यंत आणलं, पण ती विमानाकडं पाठ करून बसली. आमच्या कामात एक रीत आहे: ज्यानं सांधा जोडला त्यानं पहिल्या उड्डाणात बसायचं. मी बसलो. मालकानं विमान पलूसपर्यंत नेलं, घिरट्या घातल्या आणि अलगद खाली उतरवलं. इंजिन थांबलं तेव्हा म्हातारी काठी टेकत पंखाखाली येऊन उभी होती.

"वरनं आमचं रान कसं दिसतंय वो?" तिनं हळूच विचारलं.

"आक्का, खोटं कशाला बोलू? रान बघितलंच न्हाई. सगळा वेळ त्या बोल्टाकडंच बघत बसलो."

 तिनं काठी माझ्या हातात दिली आणि पदर खोचला.

"उतरा आता. म्या बघून येते, आन् तुमास्नी सांगते."