मामाजींचा गुडघा आणि माझी बॅटरी

मामाजी डोंगराच्या अर्ध्या वाटेवरून परत फिरले, ते माझ्यामुळे. गावात अजूनही त्यांच्या गुडघ्याला दोष देतात. गुडघा निर्दोष होता.

मामाजी म्हणजे माझे सासरे. लामत्याजवळच्या गावात त्यांची धानाची शेती आहे. वर्षातून एकदा रात्री गावामागचा डोंगर चढायचा आणि उजाडताना माथ्यावरच्या देवापुढे नारळ फोडायचा, हा त्यांचा नेम. वाट म्हणजे बांबूचं जंगल, सुटे दगड आणि कोरडे नाले. मागच्या वर्षी मोतीबिंदूने नेम मोडला. यंदा ऑपरेशन झालं, डॉक्टर हो म्हणाले, आणि मामाजींनी आठवडाभर आधीच काठीला तेल लावून ठेवलं.

उजेडाची जबाबदारी मी घेतली. (कोणी दिली नव्हती.) बालाघाटला घरी बसून मी मोबाइलवर कपाळाला बांधायच्या हेडलॅम्पचे इतके व्हिडिओ पाहिले की बायको, सुनीता, जेवायला हाक मारायची आणि मी तिला लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, सांगायचो. एक हलका, मंद दिवा होता. त्यात लाल उजेडही होता, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. मला तो पुचाट वाटला. मी सगळ्यात प्रखर दिवा निवडला.

"याच्यानं पार त्या टोकाचं हरीण दिसन," मी सांगितलं.

"आपल्याले हरणाचं काय काम हाये?" सुनीता म्हणाली. "पायाखालचं दिसलं म्हणजे झालं."

मी दिवा गच्चीवर नेऊन तपासला. पलीकडच्या टाकीवरचं शेवाळसुद्धा दिसलं. समोर माणूस उभा करून पाहायचं मात्र सुचलं नाही.

मामाजी, सुनीता, तिचा भाऊ विनोद आणि मी, असे चौघं निघालो. निघताना विनोद आपली छोटी बॅटरी काढत होता. माझ्या कपाळावरचा सूर्य पाहून त्याने ती खिशात घातली. "जवाईबापूच्या उजेडापुढं आमची कशाले?" म्हणाला. मी ते कौतुक समजलो.

मामाजींना वाट नीट दिसावी म्हणून मी त्यांच्या मागे चाललो. मागून उजेड पडला की माणसाची काळी सावली त्याच्याच पावलांपुढे पडते, हे मला ठाऊक नव्हतं. मामाजी स्वतःच्या सावलीत ठेचाळू लागले. मग अदबीने म्हणाले, "जवाईबापू, तुमी पुढं व्हा ना."

मान मिळाला म्हणून मी पुढे झालो.

आता वडीलधारं माणूस बोलत असताना पाठ करून चालणं बरं दिसत नाही. मामाजी एक शब्द बोलले की मी आदराने पूर्ण वळून त्यांच्या तोंडाकडे पाहायचो. ते बोलणं थांबवायचे. ते गप्प झाले की मला काळजी वाटायची, म्हणून मी आणखी वळायचो.

"मामाजी, ठीक हाये ना?"

"हौ हौ. मस्त उजेड हाये," मामाजी डोळ्यांवर गमछा ओढून म्हणाले. गमछा थंडीमुळे असेल, असं मी मनाशी ठरवलं. (घामाने माझा शर्ट पाठीला चिकटला होता.) एव्हाना अख्ख्या जंगलातले किडे माझ्या कपाळावर जमले होते आणि बोलताना दोन-चार गिळलेही गेले. तरी मी विचारपूस सोडली नाही.

दुसऱ्या नाल्यापाशी मामाजी दगडावर बसले. "गुडघा धरला वाटते. तुमी व्हा पुढं. मी विनोदसंग घरी जातो."

नारळ सुनीताने माथ्यावर नेला आणि मी फोडला. उजाडलं, तसं ती म्हणाली, "बाबाचा गुडघा काही दुखत नोता. तुमच्या दिव्यानं त्यायच्या डोळ्यापुढं अंधारी आली."

"मंग त्यायनं सांगितलं काहून नाही?"

"जवायले कोण सांगन?"

"तू तरी सांगायचं."

"सांगाले गेली होती. तुमी माह्याकडं वळून पाह्यलं. डोळे मिटून उभी राह्यली मी."

घरी पोचलो तेव्हा विनोद दारातच भेटला. हळूच म्हणाला, "बाबा म्हणते, ऑपरेशन फुकट गेलं. डोळा काही सुधरला नाही. आता डोंगर नाही, रात्री आंगणातबी निघत नाही म्हणते."

मामाजींनी दोष डोळ्यावर घेतला होता, कारण जावयावर घेण्याची पद्धत नाही. म्हणजे तो मीच घ्यायला हवा होता.

मामाजी धानाच्या खोलीत होते. "मामाजी, तुमचा डोळा चांगला हाये. चूक माह्या दिव्याची हाये."

"नाही नाही. बॅटरी लाखात एक हाये," मामाजी म्हणाले. "डोळ्यातच खोट हाये."

सांगून पटेना. मग अंधार व्हावा म्हणून मी दार लोटलं, दिवा त्यांच्या कपाळाला बांधला, चालू केला आणि समोर उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. खोली, पोती, मामाजी, काही म्हणता काही दिसेना.

"काहून जी, दिसून नाही राह्यलं?"

"काहीच नाही."

मामाजी म्हणाले, "मले बी अस्संच झालतं." आणि हलक्या आवाजात, "म्हणजे माहा डोळा बरा हाये?"

"एकदम बरा हाये."

आता मात्र माझा धीर सुटला. डोळे मिटून, त्या उजेडाकडे तोंड करून मी हात जोडले आणि डोंगरावरून उतरताना जुळवलेली सगळी माफी बोलून टाकली. हौसेखातर तुमचा नेम मोडला, तुम्ही कसे आहात हे विचारत राहिलो पण एकदाही ऐकलं नाही, पुढच्या वेळी तुमची काठी धरून अंधारात मागे चालेन, सगळं.

"जवाईबापू," आवाज माझ्या पाठीमागून आला, "मी इकडं हाये."

दिवा धानाच्या पोत्यावर ठेवून ते केव्हाच दाराशी गेले होते. एक डोळा झाकून, ऑपरेशन झालेल्या डोळ्याने ते फटीतून बाहेरचं शेत पाहत होते. मी वळलो आणि पोत्याला मागितलेली माफी पुन्हा पहिल्यापासून मागितली.